चाळीस मुलं, वीस टॅबलेट

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, यजमानांच्या नोकरीमुळे गेली काही वर्षं करजणला राहतो. मुलगी गुजराती माध्यमात नववीत शिकते. शाळेच्या पालकसभेत असं ठरत आलंय, की गावातल्या देणगीदारांची मदत आणि पालकांची थोडी वर्गणी मिळून नववी-दहावीच्या प्रत्येक मुलाला टॅबलेट द्यायचा. सभेत सरळ दोन तट पडले. काही म्हणाले, मुलं पुढे जातील. काही म्हणाले, डोळेही जातील आणि अभ्यासही. माझ्या भाच्याला मुंबईत महापालिकेच्या शाळेत असा टॅब मिळाला होता, तो पुढे नुसता पडून राहिला. मला कुतूहल एवढंच आहे, की टॅबलेटमुळे मुलं जास्त शिकतात का, हे कुणी कधी मोजून पाहिलंय का? की सगळेच अंदाजाने बोलतात?
— एक पालक, करजण (जि. वडोदरा)

उत्तर : ताई, मोजून पाहिलंय, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं मोजमाप तुमच्यापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर, वडोदरा शहरातल्या महापालिका शाळांत झालंय. तेव्हा टॅबलेट नव्हते, टेबलावरचे संगणक होते. पण तुमच्या सभेत जो वाद झाला त्याचं बरंचसं उत्तर त्या प्रयोगात सापडतं, म्हणून आधी तोच सविस्तर सांगतो.

२००० साली गुजरात सरकारने वडोदऱ्यातल्या शंभरएक महापालिका प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी, जून २००२ मध्ये ‘प्रथम’ या संस्थेने पाहणी केली, तर बहुतेक शाळांत ते नुसते पडून होते. काही ठिकाणी त्यांच्यावर कार्यालयीन कामं चालली होती. मुलांचा हात त्यांना क्वचितच लागला होता. ‘प्रथम’ म्हणजे माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९५ मध्ये मुंबईत सुरू केलेली संस्था. वडोदऱ्यातही तिचं काम होतं. तिने हे पडून असलेले संगणक चौथीच्या गणितासाठी वापरायचं ठरवलं. गुजरातीत गणिताचे खेळ तयार केले. ते असे, की मुलाने सोडवलं की पुढचं उदाहरण थोडं अवघड यावं आणि अडलं तर सोपं. वस्तीतल्याच तरुण मुलामुलींना पाच दिवसांचं प्रशिक्षण देऊन शाळाशाळांत बसवलं. आठवड्याला दोन तास ठेवले, एक शाळेच्या वेळात आणि एक शाळेआधी किंवा शाळा सुटल्यावर. आणि दोन मुलांत एक संगणक. हा ‘दोन मुलांत एक’ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

यात खरं महत्त्वाचं काम चौघा संशोधकांनी केलं : अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन. सगळ्या शाळांना एकदम कार्यक्रम न देता त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या शाळा निवडल्या, पुढल्या वर्षी गटांची अदलाबदल केली आणि दोन्हीकडच्या मुलांच्या वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सारख्याच परीक्षा घेतल्या. ‘आमच्या शाळेत संगणक आल्यापासून निकाल वाढला’ अशी वाक्यं आपण नेहमी ऐकतो. पण निकाल संगणकाने वाढला, नव्या शिक्षकाने वाढला की पेपर सोपा होता म्हणून वाढला, हे त्यातून कळत नाही. चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेतून कळतं. (बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच पद्धतीच्या कामासाठी.)

निकाल असा. गणितात संगणकवाल्या शाळांतली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. संशोधकांच्या मापात पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ एवढा फरक पडला. हे माप असं समजून घ्या : शंभर मुलांना गुणांच्या क्रमाने उभं केलं आणि शेवटाकडून मोजत आलं, तर बरोबर मध्ये, ५० व्या जागेवर असलेलं मूल पहिल्या वर्षाच्या फरकाने ६४ व्या जागेच्या आसपास येतं, दुसऱ्या वर्षाच्या फरकाने ६८ व्या. आठवड्याला दोन तासांत एवढं होणं, ही शिक्षणात मोठी गोष्ट आहे. मागे पडलेल्यांना आणि पुढे असलेल्यांना, दोघांनाही फायदा झाला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पालकसभेत बहुधा कुणी सांगणार नाही तो भाग पुढेच आहे. भाषेच्या परीक्षेत काहीच फरक पडला नाही. जे शिकवलं तेवढंच सुधारलं. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा गणितातली बरीचशी आघाडीही विरघळून गेली होती, थोडीच उरली होती. आणि त्याच सुमारास, त्याच शहरात ‘बालसखी’ नावाचा दुसरा कार्यक्रम चालू होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी वर्गातली पंधरा-वीस मागे पडलेली मुलं रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची आणि त्यांना वाचन-गणिताचे मूळ धडे परत शिकवायची. मुलं त्यानेही सुधारली. फरक संगणकाहून कमी होता, पण खर्च बघा : बालसखीचा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे १०७ रुपये, संगणकाचा सुमारे ७२२. म्हणजे रुपयामागे किती शिक्षण झालं हे विचारलं, तर बालसखी पुष्कळ पुढे होती.

आता अहमदाबाद. तिथे ‘ज्ञानशाला’ ही संस्था गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी वर्ग चालवते, चांगले चालवते. ली लिंडेन यांनी तिथे संगणकावरचं गणित दोन तऱ्हांनी वापरून पाहिलं. एका तऱ्हेत ते शाळेच्या वेळात, शिकवण्याच्या जागी ठेवलं. दुसरीत शाळा सुटल्यावर, शिकवण्याच्या जोडीला. पहिल्या तऱ्हेत मुलं तोट्यात गेली, संगणक नसता तर जेवढं शिकली असती त्याहूनही कमी शिकली. दुसऱ्या तऱ्हेत फायदा झाला, विशेषतः कच्च्या मुलांचा. मुलं त्याच शहरातली, साधन तेच, निकाल उलट. माझ्या मते टॅबलेटबद्दलच्या सगळ्या चर्चेत हा एकच मुद्दा सभेत मोठ्याने वाचून दाखवावा इतका मोलाचा आहे. तुमच्या शाळेचे शिक्षक चांगले शिकवत असतील, तर त्यांची तासिका काढून टॅबलेटला देऊ नका.

तुम्ही म्हणाल, ही सगळी लहान मुलं झाली, माझी मुलगी तर नववीत आहे. बरोबर आहे. त्या वयासाठी दिल्लीतला प्रयोग पाहावा लागतो. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानीमियन यांनी सरकारी शाळांतल्या, मुख्यतः सहावी ते नववीच्या सुमारे सहाशे मुलांवर ‘माइंडस्पार्क’ ही संगणकावरची शिकवणी तपासली. ती बनवणारी कंपनी अहमदाबादचीच. सुरुवातीला त्यांनी मुलं नेमकी कुठे आहेत ते पाहिलं, आणि जे दिसलं ते अस्वस्थ करणारं होतं. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं आणि नववीत पोचेपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर गेलं होतं. म्हणजे फळ्यावर नववीचं बीजगणित चालू आहे आणि बाकावरच्या मुलाला पाचवीचे अपूर्णांक येत नाहीत. त्याच्या शेजारच्याला सातवीपर्यंतचं येतं, त्यापुढचीला सगळं येतं. शिक्षकाने करावं काय? एका तासिकेत पाच इयत्तांचं गणित कुणालाही शिकवता येणार नाही.

टॅबलेटचा खरा उपयोग इथे आहे. एक उदाहरण घेऊ. मुलाला विचारलं, १/२ अधिक १/३ किती? त्याने लिहिलं २/५. वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले. ही चूक नववीतही सर्रास सापडते, कारण चौथी-पाचवीत ती कुणी पकडलेलीच नसते. पेपर तपासणारा त्यावर तांबडी फुली मारतो आणि पुढे जातो. साठ पेपर तपासायचे असतात. नीट बनवलेली शिकवणी फुली मारून थांबत नाही. ती ओळखते, की हे उत्तर अंदाजाने आलेलं नाही, ठरावीक चुकीच्या रीतीने आलंय. मग ती विचारते, याच रीतीने १/२ अधिक १/२ करून बघ. मूल २/४ लिहितं. शेजारी भाकरीचं चित्र येतं : अर्धी भाकरी आणि अर्धी भाकरी. दोन अर्ध्या मिळून पुन्हा अर्धीच? मूल थबकतं. ते थबकणं म्हणजेच शिकणं. चांगला शिक्षक हे नेहमी करतो, पण एका वेळी एका मुलाबरोबर करू शकतो.

दिल्लीतल्या मुलांनी साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी आघाडी घेतली. इथे भाषेतही फरक पडला. पण व्यवस्था पाहा : शाळा सुटल्यावर, आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड तास, त्यातला निम्मा वेळ संगणकासमोर आणि निम्मा लहान गटात माणसाबरोबर. टॅबलेट घरी देऊन ‘बाळा अभ्यास कर’ म्हणण्यातला हा प्रकार नव्हे.

तुमच्या भाच्याच्या टॅबचं काय झालं असावं, तेही सांगतो. मुंबई महापालिकेने ऑगस्ट २०१५ मध्ये आठवीच्या मुलांना टॅब वाटले, एकूण २२ हजारांहून अधिक. हेतू चांगला होता : आठवीची सगळी पुस्तकं टॅबमध्ये भरायची आणि दप्तराचं ओझं कमी करायचं. त्याच साली दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा शासनाचा निर्णयही आला होता, आणि प्रश्न खरोखरच जिव्हाळ्याचा होता. पण टॅबमध्ये जे भरलं होतं ते पुस्तक, आणि पुस्तक बदलतं. राज्यात नववीचा अभ्यासक्रम २०१७ मध्ये बदलला, आठवी आणि दहावीचा २०१८ मध्ये. छापील पुस्तक बदललं की दुकानातून नवीन आणता येतं. हजारो टॅबमधलं पुस्तक बदलायचं, तर प्रत्येक टॅब कुणीतरी हातात घ्यावा लागतो, किंवा सगळे नेटला जोडून दुरून भरण्याची सोय आधीच केलेली असावी लागते. त्यात बॅटऱ्या जुन्या होतात, चार्जर हरवतात. ज्या खरेदीत पहिल्या वर्षाचा हिशेब असतो आणि तिसऱ्या वर्षाचा नसतो, तिचं असंच होतं, मग ती कुठल्याही शहरातली असो.

आणि मोठ्या, श्रीमंत शहरांचंही असंच झालंय. लॉस एंजेलिसच्या शाळांनी २०१३ मध्ये प्रत्येक मुलाला आयपॅड देण्याची अब्जभर डॉलरची योजना सुरू केली. वाटप झाल्यावर काही दिवसांतच हायस्कूलच्या मुलांनी त्यावरची कुलपं काढली आणि आपल्याला हवं ते पाहायला लागली. पुढल्या वर्षाअखेर योजना गुंडाळावी लागली. पेरूने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेतून लाखो मुलांना छोटे लॅपटॉप दिले. तीनशेहून अधिक शाळांची तुलना केल्यावर २०१२ मध्ये दिसलं, की भाषा-गणितात काही फरक पडलेला नाही. त्याच मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरातच्या छोट्याशा शाळेत झाला होता. आपल्या सरकारचा स्वस्त ‘आकाश’ टॅबलेट २०११ च्या ऑक्टोबरात आला. पहिला फारच मंद होता. मग आयआयटी मुंबईत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने सुधारलेली आवृत्ती आली. फाटकांनी टॅबलेटइतकाच भर शिक्षकांच्या प्रशिक्षणावर दिला होता, ते मला फार पटतं. देशात या बाबतीत मोठी उडी हरियाणाने घेतली : मे २०२२ पासून सरकारी शाळांच्या दहावी ते बारावीला सुमारे ५ लाख टॅबलेट, सोबत रोजचा डेटा आणि मुलाच्या पातळीप्रमाणे चालणारी शिकवणी. या शेवटच्या गोष्टीमुळे ती योजना मला इतरांहून जास्त आशादायक वाटते.

गुजरातेत राहता, म्हणून एक खुलासा. ‘नमो टॅबलेट’ ऐकून पालकांचा गोंधळ होतो. २०१७ मध्ये सुरू झालेली ती योजना बारावीनंतर महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांसाठी होती, हजार रुपये भरून. शाळांसाठी गुजरातचा ‘ज्ञानकुंज’ कार्यक्रम आहे, तोही २०१७ चाच. तो सरकारी शाळांतल्या सातवी-आठवीच्या वर्गांपासून सुरू झाला. त्यात मुलांच्या हातात काही दिलेलं नसतं. भिंतीवर प्रोजेक्टर असतो आणि शिक्षक शिकवतो.

आता पुस्तकाबद्दल, कारण प्रत्येकाला टॅबलेट हवा म्हणणारे ‘पुस्तकं नकोत, सगळं टॅबमध्ये’ असंही म्हणत असतील. याला मी कळकळीने नाही म्हणेन. नॉर्वेत अॅने मांगेन आणि सहकाऱ्यांनी दहावीच्या ७२ मुलांना तेच मजकूर दोन तऱ्हांनी वाचायला दिले, काहींना कागदावर आणि काहींना पडद्यावर. नंतर प्रश्न विचारले, तर कागदवाल्यांना जास्त समजलं होतं. २०१८ मध्ये अशाच ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही माहितीपर मजकूर वाचताना कागदाची सरशी दिसली. पाठ्यपुस्तक म्हणजे माहितीपर मजकूरच. स्वीडनने शाळांत पडदे फार लवकर आणले होते. २०२३ पासून तिथलं सरकार छापील पुस्तकांसाठी पुन्हा पैसा देतंय. तेव्हा मुलीचं विज्ञानाचं पुस्तक कागदाचंच राहू द्या. त्यावर पेन्सिलीने खुणा करू द्या.

कागद आणि पडदा यांची गाठ कशी घालावी, हे सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेने दाखवलंय. रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड चिकटवले. फोन धरला की त्या धड्याची कविता ऐकू यावी, प्रयोग दिसावा. पुस्तक तसंच राहिलं, जिथे चित्र हलायला हवं तिथे हललं. पुढे राज्याच्या आणि देशाच्या पुस्तकांत ही कल्पना गेली, आणि २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार डिसले गुरुजींना मिळाला. तुमच्या मुलीच्या पुस्तकातही कोड असतील. तिने ते कधी उघडलेत का, एवढं विचारून बघा.

मग टॅबलेट घ्यावेत की नाही? माझं मत : घ्यावेत, पण प्रत्येकाला नकोत, आणि घरी नकोत.

वडोदऱ्यात दोन मुलांत एक संगणक होता, हे वर सांगितलं. ती काटकसर असेल, पण तिने काही बिघडलं नाही. दोघं शेजारी बसली की एक सोडवतो, दुसरा ‘अरे, हातचा राहिला’ म्हणतो. बोलून केलेलं गणित जास्त पक्कं बसतं असं मला वाटतं. शिवाय पुढे बसलेलं मूल भलतीकडे भटकत नाही, कारण शेजारी कुणीतरी आहे. वर्गात चाळीस मुलं असतील तर वीस टॅबलेट घ्या. नववी आणि दहावी, सगळ्या तुकड्यांनी तेच वीस आळीपाळीने वापरावेत. सभेतल्या अंदाजपत्रकातला बराच पैसा वाचेल. तो कुठे लावायचा ते पुढे सांगतो.

ही वाटून वापरायची रीत तुमच्या भागाला नवी नाही. करजण बडोदे संस्थानात होतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मग शिकलेलं विसरू नये म्हणून १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यात फिरत्या पेट्या होत्या. पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी गावाला जायची, वाचून झाली की परत यायची, दुसरी जायची. त्या खात्याला चित्रांतून शिकवण्याची वेगळी शाखा होती. ती गावोगाव चलचित्रं दाखवायची, आणि तिच्याकडे दोन डोळ्यांना लावून बघायचे स्टिरिओस्कोप होते, ज्यांतून सपाट छायाचित्र खोल दिसायचं. शंभर वर्षांपूर्वी खेड्यातल्या मुलाच्या डोळ्यांना लावलेला तो पडदाच होता. महाराजांनी प्रत्येक घरी एक स्टिरिओस्कोप दिला नाही. वस्तू फिरती ठेवली आणि ती सांभाळायला पगारी माणूस ठेवला.

पैसा लावायचा तो इथेच, माणसावर. वीस टॅबलेट सांभाळायला, शाळा सुटल्यावर तासभर मुलांसोबत बसायला गावातलीच एखादी पदवी झालेली मुलगी किंवा मुलगा मानधनावर ठेवा. बालसखीचं काम आणि संगणकाचं काम एकाच माणसाने केलं, तर वडोदऱ्याच्या दोन्ही निकालांचा फायदा तुम्हाला मिळू शकतो.

टॅबलेट शाळेत ठेवा असं मी म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात जवळचं वाटतं. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीचा २०२३ चा अहवाल १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलांवर होता. सुमारे ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यापैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ४४ टक्के आणि मुली जेमतेम २० टक्के. घरात वस्तू आली की ती आधी कुणाच्या हातात जाते, हे आपण सगळे जाणतो. टॅबलेट घरी गेला तर भावाच्या हाती जायचा. वर्गातल्या टॅबलेटवर मुलीची पाळी ठरलेली असते. ती तिला मागावी लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. हरकत घेणाऱ्या पालकांना हे जरूर सांगा.

डोळ्यांची काळजी रास्त आहे, पण आठवड्याला दोन-तीन तासांनी काही होत नाही. दर वीस मिनिटांनी मुलांना वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघायला लावा, आणि टॅबलेटच्या पायी खेळाची तासिका कापू देऊ नका. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याचा धोका कमी असतो.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. शिकवणी नेटशिवाय चालते का ते आधी विचारा. घरगुती राउटरवर वीस टॅबलेटनी एकदम व्हिडिओ सुरू केले की तासिका गोल फिरणारं चक्र बघण्यात जाते. विजेची चिंता नको, वीसच्या वीस चार्जिंगला लावले तरी दोनशे-तीनशे वॅटच्या पलीकडे जात नाही. पण एकाच कपाटात, हवा खेळती ठेवून, प्रत्येकाला क्रमांक असलेला खण हवा. मे महिन्यात करजणला पत्र्याखालच्या बंद खोलीत काय तापतं ते तुम्हाला सांगायला नको. लिथियम बॅटरी पूर्ण उतरवून सुट्टीभर गरम कपाटात ठेवली तर जूनमध्ये ती फुगलेली किंवा मेलेली मिळेल. निम्मी भरून, थंड खोलीत ठेवावी आणि महिन्यातून एकदा कुणीतरी बघावी. आणि विक्रेत्याकडून लेखी घ्या, की गुजरातचा अभ्यासक्रम बदलला तर आतला मजकूर कोण बदलणार, किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने. त्यासोबत तिसऱ्या वर्षाच्या बॅटऱ्यांची रक्कम आत्ताच वर्गणीतून बाजूला काढून ठेवा.

शेवटी, तुम्ही मोजमापाबद्दल विचारलंत, तर ते तुम्हीही करू शकता. नववीच्या दोन तुकड्या असतील तर पहिल्या सत्रात टॅबलेट एकीला द्या, दुसऱ्या सत्रात दुसरीला. कुणाला आधी, ते सभेत सगळ्यांसमोर चिठ्ठी उचलून ठरवा, म्हणजे कुरकुर राहणार नाही. जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीआधी दोन्ही तुकड्यांना गणिताचा एकच पेपर द्या. दोनच तुकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढता येणार नाही, पण शाळेला स्वतःपुरता अंदाज येईल. पेपर मात्र नववीच्या पुस्तकातला नको. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेची पाच-पाच उदाहरणं घ्या, अपूर्णांक, भागाकार, शेकडेवारी, साधी समीकरणं अशी, आणि गुण पेपरावर लाल शाईने न लिहिता वेगळ्या वहीत इयत्तावार मांडा. कोणतं मूल नेमकं कुठे अडलंय, हे त्या वहीवरून गणिताच्या शिक्षकांना टॅबलेट यायच्या आधीच दिसेल. सभेत पहिली मागणी त्या पेपरची करा.